सिस्टर, घरी येता का?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बाळंतपण दवाखान्यात करा पण पुढचे बेचाळीस दिवस सिस्टरला आणि आशाला, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, घरात येऊ द्या, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॅप आले की माझा नातू म्हणाला आज्जी तू व्हायरल झालीस. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतलीत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते, म्हणजे तुम्ही ज्यांना नर्सबाई म्हणता ती. आधी शाहूवाडी, मग राधानगरी, शेवटी शिरोळ, २०२० ला रिटायर झाले, आता रंकाळ्यावर फिरायला जाते आणि तिथंही बायका बाकावर बसून पोटातलं सांगतात. पत्रावरून मी औषध सांगत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : नमस्कार सिस्टर. सूनबाई ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली, नात झाली, सगळं व्यवस्थित झालं, तिसऱ्या दिवशी घरी आणली. तवापासनं गावातली आशा सारखी येते, बाळाला झोळीत घालून काट्याला टांगते, अंगावरचं दुपटं काढून बघते, वहीत काय काय लिहिते. आमच्यात दहा दिवस सोयर असतं, परक्यानं हात लावलेला चालत नाही, आणि नजर लागायची ती वेगळीच. दवाखान्यातनं नीट आहे म्हणूनच सोडलं ना? मग हिला इतक्यांदा कशाला यायचं असतं? — एक सासूबाई, राधानगरी तालुका

उत्तर : आक्का, तुमचं पत्र वाचून मला माझी पहिली पाच वर्षं आठवली, कारण हेच ऐकत मी उंबऱ्यावर उभी राहिलेली आहे, आतनं आवाज यायचा की बाई सोयर संपल्यावर या. आणि मी पण कोल्हापूरचीच, माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं सोयर पाळलं, पाचवीला सटवाई पुजली, बाराव्याला बारसं केलं, त्यामुळं मी तुम्हाला हे सोडा म्हणणार नाही. फक्त एक बघा. बाळाच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका कधी असतो, तर पहिल्या महिन्यात, त्यातही पहिल्या आठवड्यात. आणि आपण दार नेमकं त्याच दहा दिवसांत लावून घेतो.

आशाच्या येण्याला हिशोब आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. ह्या सगळ्या मिळून तिला २५० रुपये मिळतात, म्हणजे पैशासाठी येते असं कुणी म्हणत असेल तर त्यानं हिशोब करून बघावा. हे सुरू कुठनं झालं तर आपल्याच गडचिरोलीतनं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळं तपासायला लावली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला ते लॅन्सेट नावाच्या मोठ्या मेडिकल साप्ताहिकात छापून आलं, आणि २०११ पासून सरकारनं देशभर आशांना हेच काम दिलं. म्हणजे तुमच्या दारात उभी असलेली ती पोरगी साधंसुधं काम करत नाहीय.

आता ती करते काय ते बघा. वजन घेते, कारण बाळ पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, पण दहा-चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर यायला पाहिजे, नाही आलं तर दूध कुठंतरी कमी पडतंय. काखेत थर्मामीटर लावते. पायाच्या तळव्याला हाताची मागची बाजू लावते, कारण पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळ गारठायला लागलं. आणि दुपटं काढते ते श्वास मोजायला, ते तुम्हाला सगळ्यात खटकलंय.

१९९३ ची गोष्ट, शाहूवाडीकडची, श्रावण, बाहेर झिम्माड पाऊस. मी लसीकरणाला गेलेले, एका घरी सहाव्या दिवसाचं बाळ होतं, मला आत घेईनात, शेवटी बाळंतिणीच्या आईनंच दार उघडलं. खोलीला खिडकी एकच आणि ती पण पोत्यानं बंद. बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला, धुरानं माझ्याच डोळ्यांतनं पाणी. बाळ चार कापडांत, टोपडं भुवयांपर्यंत. मी कापडं काढली आणि सेकंद काट्याकडं बघत मोजलं, एका मिनिटात ७२. परत मोजलं, ७०. साठाच्या पुढं गेलं की घाबरायचं असतं. आणि बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जात होती. सासूबाई म्हणाल्या, आवो हे असंच धापा टाकतंय, बापावर गेलंय. दुधाच्या टेम्पोतनं आम्ही ते बाळ कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं, मी पुढं ड्रायव्हरशेजारी, बाळंतीण कॅनच्या मधे बसलेली, बाळ तिच्या पोलक्याच्या आत छातीला लावलेलं. न्यूमोनिया होता. वाचली पोरगी, आज स्वतः दोन लेकरांची आई आहे.

त्या घरात बाळ काही कुणी लपवलं नव्हतं, सगळ्यांनी मायेनंच गुंडाळलेलं होतं, पण गुंडाळलेल्या बाळाची छाती दिसत नाही आक्का. तेव्हा असं करा, आशाला म्हणा हात साबणानं धू, चप्पल बाहेर काढ, पाहिजे तर बाळ तुमच्या मांडीवर राहू दे आणि तिथंच तिला बघू दे. नजरेची भीती असेल तर ती गेल्यावर मीठमोहऱ्या उतरून टाका, माझी काही हरकत नाही, फक्त त्या मोहऱ्या बाळाच्या खोलीत जाळू नका, धूर नको. आणि सुनेकडं पण बघू द्या तिला, अंगावरनं किती जातंय, वास येतोय का, ताप, छातीत गाठ, एकटीच रडत बसते का. हे सून तुम्हाला सांगणार नाही, तिला सांगेल.

प्रश्न : आमचा धनगरवाडा गगनबावडा तालुक्यात आहे, डांबरी सडकेपासून चालत तास-दीड तास, पावसाळ्यात ओढा आडवा येतो. बायकोला आठवा चालू आहे, ही दुसरी खेप. पहिलं बाळंतपण वाड्यावरच आमच्या चुलतीनं केलं, काही झालं नाही. आता दवाखान्यात न्यायचं म्हणजे कामधंदा सोडून जा. उपकेंद्रातली सिस्टर घरी येऊन बाळंतपण करून देईल का? — वाचक, गगनबावडा

उत्तर : दादा, सरळ उत्तर देते. अडल्यावर निरोप आला तर सिस्टर येईल, मी पण गेलेय, बॅटरीच्या उजेडात, घोंगड्यावर, बाहेर कुत्री भुंकताहेत आणि आत मी देवाचं नाव घेतेय. पण ठरवून वाड्यावर करू नका. आणि तुमच्या चुलतीबद्दल मला आदरच आहे, मला बाळ फिरलंय का हे हातानं ओळखायला कॉलेजनं जेवढं शिकवलं त्यापेक्षा जास्त एका म्हाताऱ्या सुईणीनं शिकवलं. पण तिच्याकडं एक गोष्ट नव्हती आणि चुलतीकडं पण नाही.

बाळ बाहेर आलं की घरातली सगळी माणसं बाळाकडं बघतात, मी बाईच्या खालच्या कापडाकडं बघायचे. वार पडली की गर्भाशय आवळून नारळासारखं घट्ट व्हायला पाहिजे, पोटावरनं हाताला लागतं ते. ते ढिलं राहिलं की रक्त थांबत नाही, नळ सोडल्यासारखं जातं. दवाखान्यात बाळ झाल्याबरोबर, एका मिनिटाच्या आत, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते ह्याच्यासाठी, आणि ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, वाड्यावर फ्रीज कुठला. एवढं रक्त गेलं तर दोन तासांत बाई हातची जाते, आणि तुमचा ओढा, पायवाट, मग गाडी, हे धरून दोन तास तर दवाखान्यात पोचायलाच लागतात. पहिल्या खेपेला झालं नाही म्हणून दुसऱ्या खेपेला होणार नाही असं नसतं, कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रक्त गेलेली बाई अगदी धडधाकट, तिसरी खेप होती तिची.

म्हणून आता काय करायचं ते ऐका. पहिलं म्हणजे ह्या महिन्याच्या ९ तारखेला तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरकडनं मोफत तपासणी असते, २०१६ पासून आहे ते. रक्त किती आहे बघा, ११ च्या खाली म्हणजे कमी आणि ७ च्या खाली म्हणजे मग वेळ घालवायचाच नाही. लोहाच्या गोळ्या रोज एक, चहाबरोबर नाही, जेवणानंतर लिंबू पाणी चालेल, शौचाला काळं होतं म्हणून बायका टाकून देतात, तिला सांगा काळं होणारच. दुसरं म्हणजे, दिवस भरायच्या दोन-तीन आठवडे आधी तिला खाली आणून ठेवा, माहेर सडकेला असेल तर माहेरी, नसेल तर कुणा पाव्हण्याकडं. पाव्हणा नसेल तर सिस्टरला आत्ताच सांगा, मार्ग निघतो, आयत्या वेळी निघत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, जायची-यायची गाडी, हे सगळं २०११ पासून फुकट आहे, कुणी पावती फाडायला लागलं तर विचारा कशाची. गाडीला १०२, अचानक काही झालं तर १०८, पण वाड्यावर रेंज कुठल्या दगडावर येते ते घरातल्या पोरांना आधी दाखवून ठेवा, हसू नका, एका वाड्यावर मला त्या दगडाला पांढरा चुना लावून ठेवलेला दिसला होता, एवढी अक्कल मला सुचली नव्हती.

आणि एवढं करून ओढ्याला पाणी आलं आणि कळा सुरू झाल्या तर फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पाच गोष्टी स्वच्छ ठेवा, हे आम्हाला पाठच करायला लावायचे : हात, अंथरूण, ब्लेड, दोरा आणि नाळ. बाईला जोर कर जोर कर म्हणून ओरडू नका, पोट वरनं दाबू नका, बाळ ओढू नका. बाळ झालं की कोरड्या कापडानं पुसून काढा, नागडंच आईच्या छातीवर ठेवा, दोघांना मिळून पांघरूण घाला, लगेच पाजायला लावा, त्यानं गर्भाशय पण आवळतं. नाळेला राख, शेण, हळद, तेल काही नाही. नाळ कापायची घाई नको, सिस्टर पोचणार असेल तर तशीच राहू द्या. वार ओढून काढायची नाही. आणि अंघोळ घालायची नाही, निदान एक दिवस तरी. मग पाऊस उघडला की दोघांना दवाखान्यात आणाच, जन्मल्यावर २४ तासांत द्यायची काविळीची लस असते, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं.

कामधंदा बुडतो हे मला माहीत आहे. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिथं तिची डिलिव्हरी झाली. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि मग मिडवाइफ स्वतः गाडी घेऊन घरी आली, दोन-तीनदा आली, बाळाच्या टाचेतनं रक्त घेतलं, मुलीशी अर्धा तास बोलत बसली. शेजारच्या आजोबांकडं पण एक नर्स येऊन ड्रेसिंग करून जाते. आपल्याकडं हे का नाही हो? — आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, आहे, पण त्याच्यावर इतकी ओझी ठेवलीत की ते दिसत नाही.

तिकडची सुरुवात एका श्रीमंत माणसाच्या घरातनं झाली. लिव्हरपूलचे विल्यम रॅथबोन, त्यांची बायको आजारी होती तेव्हा घरी शुश्रूषेला मेरी रॉबिन्सन नावाची नर्स ठेवली होती. बायको गेली आणि १८५९ मध्ये त्यांनी त्याच नर्सला सांगितलं की आता गावातल्या गरिबांच्या घरी जा. त्यातनं वाढत वाढत ते देशभर झालं, १९०२ ला दायांचा कायदा आला, म्हणजे शिकून नोंदणी केल्याशिवाय मिडवाइफ म्हणवून घ्यायचं नाही. आज तिथं मिडवाइफ बाळंतिणीला बघते, टाचेतलं रक्त पाचव्या दिवशी घेतात, साधारण दहा दिवसांनी ती आई-बाळाला हेल्थ व्हिजिटरच्या, म्हणजे पुढं लहान बाळांकडं बघणाऱ्या नर्सच्या, ताब्यात देते, आणि म्हाताऱ्यांना, ड्रेसिंगला वेगळी डिस्ट्रिक्ट नर्स. म्हणजे तीन कामांना तीन बायका.

आपल्याकडं १९४६ ला भोर समितीनं प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली, १९५२ पासून ती सुरू झाली, आणि गावात एएनएम आली, म्हणजे माझंच पद, तिचं पूर्ण नावच ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. तेव्हा ती खरोखर दाई होती, घरी जाऊन बाळंतपणं करायची. मग १९७३ ला कर्तारसिंग समितीनं सांगितलं की प्रत्येक रोगाला वेगळा माणूस नको, एकच बहुउद्देशीय कर्मचारी पाहिजे. कागदावर छान आहे. पण त्यात मिडवाइफ हा शब्द मागं पडला आणि बहुउद्देश पुढं आला. लसीकरण, कुटुंब नियोजन, टीबी, मलेरिया, शाळा तपासणी, सर्वे, रजिस्टर, आणि आता टॅब. सपाट भागात ५००० माणसांमागं एक उपकेंद्र, डोंगरी भागात ३००० मागं, आणि ३००० म्हणजे शाहूवाडी-गगनबावड्याकडं बारा वाड्या, एकीकडनं दुसरीकडं जायला टेकडी उतरून परत चढायची. मी शेवटी शेवटी मोजलं होतं, बाळंतिणीजवळ बसायला दहा मिनिटं आणि तिची माहिती तीन ठिकाणी भरायला वीस.

तुमच्या मुलीला रक्त घेतलेलं लक्षात आहे, अर्धा तास बोलली ते पण लक्षात आहे, मला त्या अर्ध्या तासाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. २०१८ ला केंद्र सरकारनं मिडवाइफरीची नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, नर्सला अठरा महिन्यांचं जादा शिक्षण देऊन खास मिडवाइफ तयार करायच्या, चांगलंच आहे, पण त्या दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी. घरी जाणारी बाई अजून तीच, आशा आणि सिस्टर.

प्रश्न : बाळगुटी, मध, काजळ, टाळूवर तेल. यातलं काय चालतं? — नवी आई, गडहिंग्लज

उत्तर : सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी पण नाही, उन्हाळ्यात पण नाही. मध वर्षभर नाहीच, त्यात जंतू असू शकतात ते बाळाला पचत नाहीत. गुटी उगाळताना सहाण आणि हात कुणाचे कसे असतात ते मी बघितलंय, त्यामुळं नाही. काजळ डोळ्यांत नाही, लावायचंच असेल तर पायाच्या तळव्याला तीट लावा. तेलानं अंग चोळा पण टाळूवर ओतून थापू नका आणि कानात-नाकात तर एक थेंब नाही. सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांगा.

प्रश्न : मी कंत्राटी एएनएम, शिरोळ तालुक्यात पूररेषेतलं गाव मिळालंय, पहिलाच पावसाळा. पूर आला तर गरोदर मातांचं काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही, नुसतं नियोजन करा म्हणतात. — एक सिस्टर

उत्तर : पोरी, तुझ्या जागेवर मी होते २०१९ च्या महापुरात, त्यामुळं तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

यादी आत्ता कर, ऑगस्टमध्ये नको. जून ते सप्टेंबर ज्यांचे दिवस भरतात त्या सगळ्या, नावापुढं तारीख, नवऱ्याचा आणि माहेरचा असे दोन फोन, रक्तगट, आधीचं सिझर आहे का, रक्त किती, बीपी किती. ३६ आठवडे पूर्ण झालेल्या लाल पेननं. ही यादी एक तुझ्या पर्समध्ये, एक आशाकडं, एक सरपंचाकडं, मोबाईलवर असतेच पण पुरात चार्जिंग पहिलं जातं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तर आख्खा जिल्हाच बघत असतो, ३९ फूट इशारा, ४३ धोका. मी माझ्यापुरता नियम केला होता, ३९ झालं की लाल पेनवाल्या बायका हलवायच्या, ४३ ची वाट बघायची नाही, कारण तोवर रस्ते एकेक करून बंद व्हायला लागतात आणि खाली आमच्याकडं तर कृष्णा पण असते, दोन्हीकडनं पाणी. घरची म्हणणार, २००५ ला पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं होतं, वर येत नाही. हे वाक्य मी २०१९ मध्ये ज्या घरात ऐकलं त्या घराचं फक्त कौल दिसत होतं नंतर.

तेव्हा बोटीतनं आणलेली एक बाई आठवते, नववा चालू, मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून बसलेली, मला वाटलं दागिने असतील. डब्यात माता बाल संरक्षण कार्ड होतं आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, तिच्या सासऱ्यानं ठेवून दिलेले. तिच्या शेजारी दुसरी, तिचं कार्ड ब्लाऊजमध्ये, भिजून शाई पसरलेली, रक्तगट वाचता येईना, ए की ओ. त्या रात्री तिला रक्ताची गरज पडली नाही म्हणून बरं, आणि लागलं असतं तरी परत तपासूनच देतात, पण तेवढा वेळ गेला असता. तेव्हापासून मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवायचे आणि प्रत्येकीचं कार्ड त्यात घालून रबर लावून द्यायचे. तू झिपची पिशवी घे, स्वस्त मिळते.

लसींचं लक्षात ठेव, २ ते ८ डिग्री, लाइट गेली की डबा सारखा उघडून बघायचा नाही, आइसपॅकसकट वरच्या केंद्रात पोचवायच्या. छावणीत गेल्यावर बाळंतिणीला कोपरा दे आणि साडीचा आडोसा कर, पाजायला लाज वाटते म्हणून दूध आटतं आणि मग कुणीतरी दयेनं पावडरचा डबा आणून देतं, पाणी कुठलं तर टँकरचं. तो डबा सगळ्यांना वाटू देऊ नकोस. वाईटपणा येतो, मला पण आला होता.

आणि स्वतःचं बूट, टॉर्च, सॅनिटरी पॅड आणि दोन दिवसांचे कपडे वरच्या खोलीत ठेव, हे कुठल्याच नियोजनात लिहिलेलं नसतं.

प्रश्न : वडिलांना पॅरालिसिस झालाय, पडून असतात, लघवीची नळी आहे, कंबरेला लाल होऊन कातडी जायला लागलीय. सिस्टर फक्त बायकांसाठीच असतात का? आमच्या घरी येतील का? — मुलगा, कागल

उत्तर : बाळा, फक्त बायकांसाठी नसतात. आता बऱ्याच उपकेंद्रांचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात, बीपी-शुगर तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासतात. जाऊन नाव नोंदव, घरी येऊन बघा म्हण, पहिल्यांदा नाही आले तर परत जा, आशाला बरोबर घेऊन जा. रोज ड्रेसिंगला येतील अशी आशा मी तुला दाखवणार नाही, ते शिकून घ्यायला लागेल.

कंबरेचं आजच दाखव, कातडी गेलीय म्हणजे थांबायचं नाही. तोवर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण, मोबाईलला गजर लाव आणि भावाभावांत पाळ्या करा, एकट्या आईवर टाकू नका. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, लोक मायेनं तेल चोळतात आणि आतली कातडी आणखी फाटते. हळद, पावडर काही भरू नका. चादरीला सुरकुती नको. हवेची गादी भाड्यानं मिळते, पण ती घेतली म्हणून कूस बदलायची थांबवायची नाही. नळीची पिशवी नेहमी कंबरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको, आणि गाडीतनं नेताना कुणीतरी ती उचलून पोटावर ठेवतंच, तसं करू देऊ नका, लघवी उलटी आत जाते. थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ किंवा लाल झाली, किंवा यायचीच थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : बहिणीची डिलिव्हरी घरी झाली, आता दाखला मिळेल का, आणि पैसे मिळतात ते कुठले? — आजरा

उत्तर : मिळेल. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा, फी नाही, घरी जन्म झाला की कळवायची जबाबदारी घरच्या कर्त्या माणसाची असते. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, बारशासाठी थांबू नका. उशीर झाला तर फी, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. पैशाचं म्हणाल तर मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६०००, त्याला अटी आहेत, अंगणवाडीत किंवा आशाकडं विचारा. जननी सुरक्षेचे ७०० दवाखान्यात बाळंत झालेल्या ग्रामीण दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी-एसटी बायकांना असतात. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, निम्मे पैसे तिथंच अडकतात.

प्रश्न : मी बारावीला आहे, मला तुमच्यासारखी सिस्टर व्हायचंय. घरचे म्हणतात घाण काम आहे. काय करू? — चंदगड

उत्तर : घाण आहेच की. रक्त, लघवी, उलटी, आणि लोकांची बोलणी. घरच्यांचं खोटं नाही.

एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. मार्क चांगले पडत असतील तर एएनएमवर थांबू नकोस, पुढं बढतीला अडतं, मी अडलेय. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी बघ, बोर्ड मोठा असला म्हणून भुलू नकोस.

आणि आत्ताच करून बघायचं असेल तर सेकंद काट्याचं साधं घड्याळ घे, घरात कुणीतरी झोपलं असेल त्याच्या पोटाकडं बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबतो, परत पटापट चालतो, दुप्पट केलं की चुकतं. चाळीस सेकंदांनी तुला फोन बघावासा वाटेल. काय आकडा आला ते मला कळव, आणि कुणाचा मोजलास ते पण.